कोमट नदी

पदयात्रेची बातमी घेऊन मॅडम प्रयोगशाळेच्या दारात आल्या, तेव्हा तपासनीस पाचव्या बाटलीतल्या पाण्यात रसायनाचा थेंब टाकत होते. थेंब टाकताना ते कुणाशी बोलत नसत, हे मॅडमना माहीत झालं होतं, म्हणून त्या दारातच थांबल्या. मॅडम पाणी खात्याच्या नव्या प्रमुख. त्यांना येऊन दोनच महिने झाले होते आणि काहीतरी करून दाखवायचं होतं. थेंब पडला, पाण्याचा रंग विटकरी झाला, म्हणजे पाणी वाईट, तपासनीसांनी वहीत आकडा लिहिला. मग मॅडमनी सांगितलं की रविवारी सकाळी नदीकाठाने पदयात्रा काढायची आहे. आपली नदी किती खराब झाली आहे, हे लोकांना कळलं पाहिजे. चाळीस जणांनी नावं दिली आहेत, पिवळ्या टोप्या शिवून आल्या आहेत, आणि सगळ्यांच्या पुढे तपासनीसांनी चालायचं आहे.

"एकोणीस वर्षं तुम्ही या नदीवर काम करताय," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याइतकी ती कुणाला माहीत असणार?"

तपासनीसांनी मान डोलावली. दुसरं काय करणार? आता तुमच्यापासून काय लपवायचं, तपासनीसांनी नदी पाहिलेलीच नव्हती. एकदाही नाही.

यात त्यांचा दोष म्हणाल तर निम्मा. प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक पाटी होती: 'भरणाऱ्याने तपासू नये, तपासणाऱ्याने भरू नये.' म्हणजे नदीवर जाऊन बाटल्या भरून आणणारा माणूस वेगळा आणि त्या तपासणारा वेगळा, कुणी कुणाच्या कामात हात घालायचा नाही. भिंतीवरच्या पाट्या माणसं सहसा पहिल्या दिवशी वाचतात आणि नंतर त्यांवर कॅलेंडर टांगतात. आपल्या तपासनीसांनी मात्र ती मनावर घेतली. एवढंच नाही, तर त्यांनी पुढचा विचार केला. नदी एकदा डोळ्यांनी पाहिली की माणूस तिची बाजू घेणार. बाजू घेतली की थेंब टाकताना हात हलणार. तेव्हा तपासणाऱ्याने नदी पाहूच नये, हे उत्तम. नदी प्रयोगशाळेपासून वीस मिनिटांवर होती आणि ते तिच्या दिशेने कधी फिरायलासुद्धा गेले नाहीत.

उरलेला निम्मा दोष लग्नाचा. लग्न ठरायच्या आधी दोघं एका बागेत भेटले होते. बोलायला विषय सुचत नव्हता. तिने विचारलं, तुम्ही काय करता? 'बाटलीतलं पाणी तपासतो' हे खरं उत्तर. पण बागेत बसून, तेही संध्याकाळच्या वेळी, बाटलीचं नाव काढवेना. ते म्हणाले, "मी नदीवर काम करतो." तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. आठवड्याने होकार आला. हा होकार आपल्याला आला की नदीला, हे तिला विचारायची त्यांची छाती कधी झाली नाही.

मग एकातून एक वाढत गेलं. महिन्याचा पहिला सोमवार हा नमुन्यांचा दिवस. त्या दिवशी आपण नदीवर जातो, असं त्यांनी घरी सांगून ठेवलं होतं. घरी निघताना प्रयोगशाळेच्या नळाखाली ते पँटचे पाय घोट्यापर्यंत भिजवायचे. दारात बायको ते ओले पाय बघायची, टॉवेल आणून द्यायची आणि चहा झाला की समोरच्या खुर्चीत बसून विचारायची, "आज नदी कशी होती?"

इथे मात्र तपासनीसांना दाद दिली पाहिजे. ते थापा मारत नसत. बाटलीत जे सापडलं, तेच सांगत. पाणी हाताला कोमट लागायचं, म्हणून ते सांगत की आपली नदी हिवाळ्यातसुद्धा कोमट असते, पहाटे तिच्यावरून वाफ निघते. पाण्याला फेस यायचा, म्हणजे वरच्या अंगाला कुठेतरी धबधबा असणार. एकदा पाण्याला छान सुवास होता, तेव्हा काठावरच्या झाडांची फुलं रात्रभर पाण्यात गळली होती. आणि एकदा पाचही बाटल्या निळसर आल्या, त्या दिवशी आभाळ इतकं निळं होतं म्हणे, की त्याचा रंग पाण्याला लागला. बायको पाय वर घेऊन, डोळे अर्धवट मिटून ऐकत राहायची. सांगता सांगता तपासनीसांनाही ती नदी दिसायला लागायची. अशी एकोणीस वर्षं दोघांनी त्या खोलीत बसून नदीकाठी काढली होती.

आता ही बायको पदयात्रेला येणार होती. तिने पहिल्या दिवशीच नाव दिलं होतं. चाळीस लोकांसमोर फजिती झाली असती तर तपासनीसांनी एक वेळ सोसली असती. पण ज्या नदीच्या भरवशावर संसार उभा राहिला, ती आपण पाहिलेलीच नाही, हे तिला कळलं तर काय?

शनिवारी त्यांनी नमुनेकाकांना गाठलं. नमुनेकाका म्हणजे बाटल्या भरून आणणारे गृहस्थ. सायकलला मागे लाकडी खोका, खोक्यात पाच बाटल्या, एकोणीस वर्षं हाच क्रम. तपासनीसांनी खिडकीबाहेर बघत, सहज विचारल्यासारखं विचारलं, की उद्या आपण कोणत्या वाटेने जावं? नमुनेकाका सायकलची साखळी पुसत होते. ते बराच वेळ पुसत राहिले.

"गेटातून डावीकडे," ते अखेर म्हणाले. "भिंत संपली की पायवाट लागते. तिने चालत राहायचं, पाणी आपोआप येतं. पण साहेब, लवकर निघा. धुकं असताना नदी फार छान दिसते."

आपलं अज्ञान काकांच्या लक्षात आलं नाही, म्हणून तपासनीसांना हायसं वाटलं. काकांच्या कपाळावर घाम का आला होता, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी खरोखरच दाट धुकं पडलं. प्रयोगशाळेच्या गेटाशी चाळीस पिवळ्या टोप्या जमल्या, पण एका वेळी सहासात तेवढ्या दिसत होत्या. तपासनीस पुढे झाले आणि गेटातून डावीकडे वळले. त्यांची बायको क्षणभर थांबली. तिने एकदा उजवीकडे पाहिलं, मग काही न बोलता डावीकडे वळली.

भिंत संपली, पायवाट आली, आणि थोड्या वेळाने उजव्या हाताला पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. सगळ्यांचं बोलणं आपोआप खाली आलं. धुक्यात पाणी हातभर दिसत होतं, पुढे सगळं पांढरं. त्या पाण्यावरून मंद वाफ निघत होती. कडेला फेसाचे पुंजके अडकून हलत होते. कुठून तरी फुलांचा वास येत होता. तपासनीसांचे पाय जागीच थांबले. वाफ, फेस, फुलं, सगळं त्यांनी सांगितलं होतं तस्संच होतं. आपण ज्याची नुसती कल्पना केली, ते देवाने मागून असं आणून ठेवलेलं पाहून त्यांना भरून आलं.

टोप्यांमध्ये शाळेतल्या चित्रकलेच्या एक बाई होत्या, त्या वाटेतच बैठक मारून वही काढून बसल्या. पलीकडचा काठ दिसत नाही म्हणजे पात्र केवढं रुंद असेल, असं कुणीतरी कुजबुजलं. घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा होते, त्यांनी तेवढी शंका काढली. त्यांच्या लहानपणी नदी गावाच्या दुसऱ्या बाजूला होती. तपासनीसांनी शांतपणे सांगितलं की नद्या आपलं पात्र बदलतात. आजोबांनी टोपी सारखी केली आणि आपणच इतकी वर्षं गाफील राहिलो, असं मान्य केलं.

मग मॅडमच्या सांगण्यावरून तपासणी झाली. नियमाप्रमाणे नमुनेकाकांनी वाकून बाटली भरली, नियमाप्रमाणे तपासनीसांनी थेंब टाकला. पाणी विटकरी झालं. तोच रंग, एकोणीस वर्षं ओळखीचा. तपासनीसांनी बाटली बायकोच्या हातात दिली.

"बघ, कोमट आहे," ते म्हणाले.

"हो की," ती म्हणाली.

"हीच ती."

ती त्यांच्याकडे बघून हसली. त्या हसण्यात काहीतरी जास्तीचं होतं, पण तपासनीस तेव्हा जमिनीवर नव्हते. त्यांना वाटलं, संपलं, निभावलं, आता आयुष्यभर काळजी नाही.

तेवढ्यात पैलतीरावरून आवाज आला.

"कोण पाहिजे?"

इतक्या लांबून बोलूनही आवाज किती स्पष्ट येतोय, याचं मॅडमना नवल वाटलं. पाण्यावरून आवाज असाच येतो, तपासनीसांनी हळू आवाजात माहिती पुरवली. मग त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पैलतीराला साद घातली, "आम्ही नदी बघायला आलोय."

"ओरडताय कशाला, मी इथंच आहे," पैलतीर म्हणाला.

धुकं जायचं ते काही विचारून जात नाही. ते तेव्हाच विरलं. तीन हातांवर बनियन घातलेला एक माणूस तोंडात ब्रश धरून उभा होता. त्याच्या मागे भिंत, भिंतीत एक जाडजूड पाइप, पाइपातून वाफाळतं पाणी नाल्यात पडत होतं. वर तारांवर ओळीने चादरी वाळत होत्या. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'लाँड्री' असं लिहिलेलं होतं.

चाळीस पिवळ्या टोप्या तपासनीसांकडे वळल्या. तपासनीसांनी त्यातली एकच पाहिली. बायको मात्र चादरींकडे बघत होती.

"मला तुला काही सांगायचंय," ते कसेबसे म्हणाले.

"नंतर सांगा," ती म्हणाली. "आधी नदी तर बघू."

इकडे मॅडमनी नमुनेकाकांना धरलं होतं. तपासनीसांनी ओळखलेलं पाणी जर लाँड्रीचं, तर आजवरच्या बाटल्यांत काय होतं, हा साधा हिशोब त्यांनी उभ्या उभ्या केला होता. काका फार वेळ टिकले नाहीत. पहिल्याच महिन्यात ते नदीवर गेले होते, तिथे एका शेवाळलेल्या दगडावरून घसरले, गुडघा फुटला आणि पाचही बाटल्या फुटल्या. नोकरी नवी, सांगायची भीती. म्हणून नव्या बाटल्या घेऊन त्यांनी प्रयोगशाळेजवळच्या या नाल्यावर भरल्या. तपासनीसांनी पाणी अत्यंत वाईट म्हणून लिहिलं.

"मग पुढच्या महिन्यात चांगलं पाणी आणलं असतं, तर साहेबांनी विचारलं असतं, हे एकदम कसं सुधारलं," काका म्हणाले. "म्हणून परत इथलंच नेलं. मग थांबताच येईना. पाचही एकसारख्या दिसू नयेत म्हणून एकदोनात नळाचं पाणी घालायचो, एवढंच."

मॅडमनी तपासनीसांकडे पाहिलं. तपासनीसांना खरं म्हणजे काकांवर संतापायला हवं होतं. पण 'मग थांबताच येईना' हे शब्द त्यांना इतके जवळचे वाटले की ते आपल्या पँटच्या पायांकडे बघत राहिले. मॅडमनी त्यांनाही विचारलंच, की तुम्हाला नदी ओळखता कशी आली नाही? तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या पाटीचा नियम सांगितला आणि आपण नदी कधीच पाहिली नाही, हेही सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बायको तेव्हा बुटाची नाडी बांधत होती. तिने मान वर केली नाही.

लाँड्रीवाल्याने तोंड धुऊन घेतलं होतं. एकोणीस वर्षं सरकारदरबारी आपल्या सांडपाण्याची नोंद होत होती, हे ऐकून तो जरा वरमला. नदीचं विचारलं तेव्हा त्याने मागच्या दिशेला बोट केलं. "ती तिकडं, गेटातून उजवीकडे, बांध चढून. पण कुणी जात नाही. पाणी वाईट आहे म्हणतात. पाटीसुद्धा लावलीय."

पाटी होती. बांधावर गंजून उभी होती. 'पाणी दूषित आहे, पात्रात उतरू नये.' खाली तपासनीसांची सही होती. गावाने ती सही मानली होती. नदीकडची दारं लोकांनी बुजवून टाकली, कचरा टाकायलासुद्धा कुणी तिकडे फिरकलं नाही, आणि हळूहळू गाव नदीला विसरलं. चाळीस जण पाटीला वळसा घालून बांधावर चढले.

खाली नदी वाहत होती. रुंद, संथ, तळातले गोटे मोजता यावेत इतकी नितळ. काठावर झाडं पाण्यावर वाकली होती. एक पांढरा पक्षी गुडघाभर पाण्यात उभा होता, त्याने माणसांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. घड्याळवाले आजोबा म्हणाले, "हीच. माझ्या लहानपणची." आणि त्यांनी बूट काढायला घेतले.

मॅडमनी बाटली पुढे केली. नमुनेकाकांनी दोन्ही हात मागे घेतले. त्या दगडांवर ते पुन्हा उतरणार नव्हते, नोकरी गेली तरी चालेल. तेव्हा तपासनीसांनी स्वतःच बाटली घेतली आणि समोरच्या सपाट दगडावर पाऊल टाकायला निघाले.

"तिथं नको," मागून बायको म्हणाली. "तिथं शेवाळ असतं. झाडाच्या बाजूने उतरा, तिथं पायऱ्या आहेत."

तपासनीसांचा पाय हवेतच राहिला. मागे वळून ते बायकोकडे बघत राहिले. झाडाच्या बाजूला खरोखरच पायऱ्या होत्या, मातीत खोदलेल्या, वापरून गुळगुळीत झालेल्या. झाडाच्या ढोलीत एक जुनी उशी खोचून ठेवली होती. ती उशी आपल्या घरातून केव्हाच हरवली होती, हे त्यांना आठवलं.

"तू येतेस इथे?"

"पहिल्या सोमवारी," ती म्हणाली. "लग्न झालं त्या वर्षी तुम्ही डबा विसरलात, म्हणून घेऊन आले होते. तुम्ही नव्हतात. नदी होती. मग बसले."

"म्हणजे तुला तेव्हापासून माहीत आहे?"

"संध्याकाळी तुम्ही ओल्या पायांनी आलात आणि म्हणालात, आज नदी कोमट होती. मी दिवसभर थंड पाण्यात पाय सोडून बसले होते."

"मग बोलली का नाहीस?"

तिने जरा विचार केला. "तुम्ही इतकं छान सांगत होतात," ती म्हणाली. "तोडावंसं वाटलं नाही. आणि पाटी वाचूनही मी इथे येते, हे तुम्हाला आवडलं नसतं."

तपासनीस पायऱ्यांवरून उतरले. बाटली भरली. बोटं गार पडली. थेंब टाकला, पण पाण्याचा रंग बदललाच नाही. थेंब नीट पडला नसेल म्हणून त्यांनी आणखी एक टाकला. तरी पाणी तसंच.

"शुद्ध आहे," मॅडम म्हणाल्या. "लिहा."

तपासनीसांनी वही उघडली, पेन काढलं, आणि थांबले. "लिहिता येणार नाही," ते म्हणाले. "ही बाटली मी भरली. तपासणाऱ्याने भरू नये."

मॅडमनी नमुनेकाकांकडे पाहिलं. ते बांधावरून हलणार नव्हते. मग त्यांनी पाठीमागे पाहिलं. चित्रकलेच्या बाईंनी वहीचं पान बदललं होतं. आजोबा घोटाभर पाण्यात डोळे मिटून उभे होते. बाकीचे झाडांखाली पसरले होते, टोप्या तोंडावर घेऊन. पुढच्या कार्यक्रमात नदीची खरी स्थिती घराघरांत पोहोचवण्याची शपथ होती. मॅडमनी शपथेचा कागद पर्समधून काढला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि घडी घालून परत ठेवला.

"नियम म्हणजे नियम," त्या म्हणाल्या आणि चपला काढून पाण्याकडे गेल्या.

जलजागृतीच्या त्या पदयात्रेबद्दल पुढे गावात कुणीही चकार शब्द काढला नाही. घरच्यांनी विचारलं तेव्हा चाळीसही जणांनी धुक्यामुळे काही दिसलं नाही असं सांगितलं. लाँड्रीला नोटीस गेली, तिथे सांडपाण्याची टाकी बांधायला घेतली. वहीत 'नदी' खोडून 'लाँड्रीमागचा नाला' लिहिलं गेलं, आणि नमुनेकाका आता राजरोस तिथूनच बाटल्या भरू लागले. बांधावरची पाटी काढायला नवा अहवाल लागतो. तो नव्हता, म्हणून पाटी राहिली.

नदी तपासायचीच नसल्यामुळे ती पाहायला आता तपासनीसांना हरकत नव्हती. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते खरोखरच तिथे गेले. बायको आधीच येऊन बसली होती. तिने उशी अर्धी सरकवली. दोघं पाण्यात पाय सोडून दुपारपर्यंत बसले आणि फारसं बोलले नाहीत. पँटचे पाय आपोआप भिजले.

संध्याकाळी चहा झाला. ती समोरच्या खुर्चीत बसली.

"आज नदी कशी होती?"

"अगं, तू होतीस की तिथे."

"असेना. सांगा."

तपासनीसांनी सांगितलं. पाणी थंड होतं, नितळ होतं. एक पक्षी होता, तो नंतर उडाला. एवढं सांगून झालं. ती आणखी थोडा वेळ वाट बघत राहिली. मग तिने कप खाली ठेवला.

"तुम्ही जात नव्हतात तेव्हा जास्त चांगली असायची," ती म्हणाली.

तपासनीसांनी घसा साफ केला.

"तसं पाणी थोडं कोमट होतं," ते म्हणाले.

बायकोने पाय वर घेतले आणि ती ऐकायला टेकून बसली.